सॅमन, हॅचरी आणि नदी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर सप्टेंबरात इसाक्वाच्या ओढ्यात सॅमन चढायला लागले की माझ्या फोनवर प्रश्नही चढायला लागतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सिएटलहून गाडीने अर्ध्या तासावर हे गाव. गावाच्या मध्यातच राज्य सरकारची १९३६ सालची हॅचरी, म्हणजे माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवायचं केंद्र, आहे आणि शरद ऋतूत शनिवारी मी तिथे स्वयंसेवक म्हणून उभी असते. आजूबाजूला मराठी घरं पुष्कळ. पुण्या-नाशिकहून आलेले आईवडील, सासूसासरे पुलावरून वाकून मासे बघतात आणि घरी जाऊन व्हॉट्सअॅपवर शंका पाठवतात. त्याच शंका इथे एकत्र केल्या आहेत. आधी सोप्या, मग अडचणीच्या. एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. सॅमन म्हणजे आपला रावसच ना?

नाही. बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, त्यातून हा घोळ झालाय. रावस समुद्रात आणि खाडीत राहणारा, त्याचं कुळच वेगळं. सॅमन जन्मतो गोड्या पाण्यात, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या ओढ्यात परततो. कोकणातल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. पहिल्या पावसात नदीतून ओहोळात आणि ओहोळातून भाताच्या खाचरात गाबोळीने भरलेले चढणीचे मासे येतात ना, तोच प्रकार. फक्त हे चढण शेकडो किलोमीटरांचं असतं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमनच्या पाच जाती आहेत: चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक. स्टीलहेड हा त्यांचा जवळचा भाऊबंद.

२. हॅचरी म्हणजे मत्स्यशेतीच ना?

अर्धीच. मत्स्यशेतीत मासा अंड्यापासून ताटापर्यंत माणसाच्या ताब्यात असतो. मुंबईच्या हॉटेलात मिळणारा सॅमन बहुधा नॉर्वेतल्या समुद्री पिंजऱ्यात वाढलेला असतो. हॅचरीत मासा फक्त लहानपणी असतो, रोपवाटिकेतल्या रोपासारखा. आपल्याकडच्या मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, नेऊन तलावात सोडतात, तशी इथे बोटुकली नदीत सोडतात. पुढची दोन-चार वर्षं समुद्रात ती काय खातात, त्यांना कोण खातं, यावर कुणाचा ताबा नसतो. अलास्काने तर १९९० मध्ये सॅमनची शेती कायद्याने बंद केली, पण हॅचऱ्या तिथे जोरात चालतात.

३. आत नेमकं काय करतात?

ओढ्यावर आडवा बांध असतो. मासा त्याला अडला की बाजूच्या पायऱ्यापायऱ्यांच्या हौदांतून उड्या मारत हॅचरीच्या तळ्यात येतो. तयार मादी ओळखायला अनुभव लागतो: पोट हाताला मऊ, सैल लागलं पाहिजे. मादीला मारून तिचं पोट चिरतात आणि गाबोळी बादलीत घेतात. चिनूकच्या एका मादीत चार-पाच हजार अंडी, वाटाण्याएवढी, नारिंगी. त्यावर नराचं शुक्रद्रव्य पिळतात. इथपर्यंत बादली कोरडी हवी, कारण पाण्याचा स्पर्श झाला की शुक्राणू जागे होतात आणि जेमतेम मिनिटभर जगतात. मग थोडं पाणी घालून हाताने हलकेच ढवळतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला दही घुसळायच्या आधी त्यात पाणी घालणारी आजी आठवली, तेवढंच शांत काम.

तासाभरात अंडी पाणी पिऊन टणक होतात आणि एकावर एक रचलेल्या ट्रेमध्ये जातात. त्यानंतर महिनाभर त्यांना धक्काही लावायचा नाही. दहा अंश सेल्सियसच्या आसपास पाणी असेल तर महिन्याच्या आत प्रत्येक अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागतात. तेव्हा मात्र मुद्दाम एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून त्यांना हिसका देतात. मेलेली अंडी पांढरी पडतात, ती वेचून टाकतात. दोनेक महिन्यांनी पिल्लं फुटतात, पोटाला पिवळ्या बलकाची थैली घेऊन. थैली संपली की खाद्य सुरू. चिनूक पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला सोडतात, कोहोला दीड वर्ष सांभाळतात.

४. मारून अंडी काढायची म्हणजे पाप नाही का? जिवंत ठेवता येत नाही?

हा प्रश्न आज्यांचा. पॅसिफिक सॅमन एकदाच अंडी घालतो आणि नंतर दहा-पंधरा दिवसांत मरतोच. नदीत शिरल्यापासून तो खात नाही. स्वतःचे स्नायू जाळत वर येतो. पुलावरून तुम्हाला ज्याच्या अंगावर पांढरे चट्टे आणि झिजलेली शेपटी दिसते, तो मासा आजारी नसतो, संपत आलेला असतो. हॅचरीत त्याचं मरण काही दिवस अलीकडे येतं, एवढंच. स्टीलहेडचं तसं नाही. तो वाचून समुद्रात परत जाऊ शकतो, म्हणून काही ठिकाणी त्याची अंडी तो जिवंत असतानाच काढून त्याला सोडून देतात.

मेलेले मासे वाया जात नाहीत. जंगलातल्या ओढ्याला समुद्राचं खत पोचवणारा मासा हाच. त्यामुळे काही हॅचऱ्या मेलेले सॅमन मुद्दाम वरच्या ओढ्यांत नेऊन टाकतात. पिल्लं ज्या किड्यांवर वाढतात, ते किडे या कलेवरांवर वाढतात.

५. मुळात मासे कमी का झाले?

अमेरिकेच्या वायव्येतल्या कोलंबिया नदीच्या खोऱ्यात एकेकाळी वर्षाला एक कोटी ते एक कोटी साठ लाख सॅमन आणि स्टीलहेड चढत, असा अंदाज आहे. मग डबाबंद माशांचे कारखाने आले, जंगलतोड आली, खाणी, पाटबंधारे आणि धरणं आली. धरण दोन प्रकारे मारतं: काही वाट पूर्ण बंद करतात, काहींना माशांची शिडी असते. शिडीवरून मोठा मासा चढतो हो, पण खाली जाणाऱ्या बोटभर पिल्लाला टर्बाइन आणि मागचं संथ, तापलेलं पाणी पार करायचं असतं. शिडी बघून लोक निश्चिंत होतात, तिथेच फसतात.

६. म्हणजे सगळ्या हॅचऱ्या जंगली मासे वाचवायला आहेत?

नाही. हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा फरक आहे. बहुतेक हॅचऱ्या भरपाई म्हणून बांधल्या. धरणाने नदी घेतली, त्याबदल्यात मासेमारीसाठी मासे दिले. १९३८ च्या मिचेल कायद्यापासून कोलंबियावर हेच धोरण चाललं. त्यांचं यश मोजायचं ते किती मासे पकडता आले यावर.

जंगली वंश टिकवायला काढलेल्या हॅचऱ्या थोड्या आणि वेगळ्या. तिथे आकडा लहान असतो, प्रत्येक माशाची वंशावळ कागदावर असते. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, म्हणून वाद पेटतात. ‘हॅचरी चांगली की वाईट’ या प्रश्नाला माझं उत्तर एकच: कुठली?

आणखी एक बाजू आहे. १८५४-५५ च्या करारांत इथल्या मूळ जमातींनी जमीन दिली आणि नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखला. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की वॉशिंग्टन राज्यात पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्यांचा. पण नदीत मासाच नसेल तर हक्काला अर्थ काय? म्हणून आज अनेक जमाती स्वतःच हॅचऱ्या चालवतात. शहरात बसून ‘हॅचऱ्या बंद करा’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

७. एकच मासा उरला होता आणि त्यापासून वंश वाढवला म्हणे. खरं की फेकाफेक?

अर्धं खरं. गोष्ट आयडाहोतल्या रेडफिश तळ्याची. समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर दूर, म्हणजे रेल्वेने मुंबई-दिल्लीहून थोडं जास्तच. उंची जवळजवळ दोन हजार मीटर, म्हणजे कळसूबाईच्याही वर. तळ्याला नाव पडलं तेच लाल झालेल्या सॉकायांवरून. वाटेत कोलंबिया आणि स्नेक नद्यांवर मिळून आठ मोठी धरणं. तीही कमी म्हणून पन्नास-साठच्या दशकात त्या खोऱ्यातल्या काही तळ्यांत खुद्द सरकारी खात्यानेच विष टाकलं, कारण गळवाल्यांना ट्राउट हवे होते आणि बाकी सगळे मासे ‘कचरा’.

१९९१ मध्ये स्नेक नदीच्या सॉकायला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, तळ्यापर्यंत एकच मासा पोचला. नर. लोकांनी त्याला ‘लोन्सम लॅरी’ म्हटलं, एकटा लॅरी. मादी नाही तर काय करणार? त्याचं शुक्रद्रव्य गोठवून ठेवलं आणि त्याला भुसा भरून बोईसी शहरात ठेवलं.

पण वंश फक्त लॅरीचा नाही. १९९१ ते १९९८ या आठ वर्षांत मिळून १६ जंगली सॉकाय परतले. ते सगळे पकडून आत घेतले, तळ्यातून समुद्राकडे निघालेली काही पिल्लंही घेतली आणि त्यांची संतती जन्मभर हौदात वाढवली. एका जागी रोग आला तर सगळं जाईल म्हणून अर्धे मासे आयडाहोत, अर्धे वॉशिंग्टन राज्यात. मला ही हॅचरी विरजणासारखी वाटते. चमचाभर जपून ठेवायचं, रोज थोडं दूध द्यायचं, मरू द्यायचं नाही. मात्र घरात दूधच येत नसेल तर विरजणाचं दही होत नाही.

१९९९ मध्ये हॅचरीत वाढलेले ७ मासे समुद्रातून परतले. २००० मध्ये २५७. २०१४ मध्ये दीड हजारांहून जास्त. सगळे खुशीत होते. मग २०१५ चा उन्हाळा आला, कोलंबियाचं पाणी तापलं, लाखो सॉकाय वाटेतच मेले आणि त्या डोंगरात स्वतःच्या बळावर पोचले फक्त ५६. हॅचरीने आपलं काम केलं होतं. दूध नव्हतं.

८. एवढ्या थोड्या माशांत भावाबहिणींचीच लग्नं होत असतील की!

होऊ नयेत म्हणून गोत्र-प्रवर बघावं तसा सगळा कारभार चालतो. प्रत्येक प्रजनक माशाच्या पराचा कण कापून त्याची जनुकं तपासतात, कोण कुणाचा किती जवळचा ते संगणकावर मांडतात आणि सगळ्यात लांबच्या नात्यातली जोडी लावतात. एका मादीची अंडी दोन-तीन वाट्यांत वाटून प्रत्येक वाटीला वेगळा नर देतात. एक नर नापीक निघाला तरी सगळी अंडी जात नाहीत. लॅरीसारख्यांचं गोठवलेलं शुक्रद्रव्य पुढच्या पिढ्यांत वापरता येतं. एवढं करूनही हरवलेली विविधता परत येत नाही. उरलेली गळू नये, यासाठी ही धडपड.

९. हॅचरीतला आणि नदीतला मासा दिसायला सारखाच. मग फरक काय?

देशी बियाणं आणि तेच बियाणं चार हंगाम खत-पाण्याच्या लाडात वाढवलेलं, यात जो फरक पडतो तो.

नदीत मादी जागा निवडते, शेपटीने खडीत खळगा करते, नर तिच्यासाठी भांडतात. शंभरातली नव्वद अंडी-पिल्लं बोटभर होण्याआधीच मरतात आणि कोण मरणार ते ती नदी ठरवते. हॅचरीत दहातली आठ जगतात. ऐकायला छान. पण जी आठ जगली त्यांतली कित्येक नदीत टिकली नसती आणि आता त्यांचीही पोरं होणार. शिवाय हौदातल्या पिल्लाला एक गोष्ट पक्की कळते: वर सावली पडली की खाणं येतं. इसाक्वाच्या हौदावर हात धरून बघा, सगळी पिल्लं वर झेपावतात. नदीत वर सावली पडते ती बगळ्याची.

ऑरेगनमधल्या हूड नदीवर स्टीलहेडच्या कित्येक पिढ्यांची वंशावळ जनुकांवरून लावली. २००७ मध्ये निष्कर्ष आला: माणसाच्या ताब्यात वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत पुढची संतती देण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटते. नंतर त्याच नदीवर दिसलं की एका पिढीतच शेकडो जनुकांचं काम वेगळं चालू लागतं. नुसत्या एका पिढीत!

उलट उदाहरणही आहे, ते लपवू नये. आयडाहोच्या जॉन्सन ओढ्यावर नेझ पर्स जमातीच्या हॅचरी कार्यक्रमात दर वर्षी फक्त नदीत जन्मलेलेच चिनूक प्रजनक म्हणून घेतात, हॅचरीच्या माशाला पुन्हा हॅचरीत घेत नाहीत. तिथे अशी घट आढळली नाही. जात वेगळी, नदी वेगळी, पद्धत वेगळी. पण ‘दर पिढीत नवं जंगली रक्त’ हा नियम आता चांगल्या हॅचऱ्या पाळतात, तो यातूनच.

१०. मग कुठला मासा कुणाचा हे ओळखायचं कसं?

सॅमनच्या पाठीवर, शेपटीच्या थोडं अलीकडे, नखाएवढा मांसल पर असतो. हॅचरीच्या पिल्लाचा तो कापतात. पुलावर उभे असाल तर तोच शोधा. पर नाही म्हणजे हॅचरीचा. काहींच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तार असते, तिच्यावर क्रमांक कोरलेला. ती मासा मेल्यावर काढून सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. मासेमारीच्या नियमांतही हा पर येतो: बऱ्याच नद्यांत पर असलेला मासा गळाला लागला तर सोडावाच लागतो. मात्र वंश वाचवणाऱ्या काही हॅचऱ्या मुद्दामच पर कापत नाहीत, म्हणजे तो गळवाल्याच्या पिशवीत जात नाही. त्यामुळे पर आहे म्हणजे नक्की जंगली, असं छातीठोक सांगता येत नाही.

११. जास्त पिल्लं सोडली की जास्त मासे परत येतील, हिशेब सरळ आहे ना?

अमेरिकेने शंभर वर्षं हाच हिशेब केला. कोलंबिया खोऱ्यात समुद्राकडे गेलेल्या शंभर पिल्लांपैकी दोन ते सहा मोठी होऊन परतावीत असं उद्दिष्ट आहे. वरच्या नद्यांत कित्येक वर्षी एकही धड परतत नाही. तिथे पिल्लं दुप्पट करून फार तर एकाची दोन होतात.

आणि समुद्र काही अथांग कुरण नाही. जपान, रशिया, अमेरिका, कॅनडा, कोरिया मिळून दर वर्षी सुमारे ५०० कोटी पिल्लं पॅसिफिकमध्ये सोडतात, त्यांतली बरीचशी चम आणि पिंक. सगळ्यांचं ताट एकच.

मला पटलेलं उदाहरण सॅमनचं नाही, ट्राउटचं आहे. मोंटाना राज्याने मॅडिसन नदीवर पाहणी केली आणि हॅचरीचे ट्राउट सोडणं थांबवल्यावर जंगली ट्राउट वाढले. १९७४ पासून त्यांनी ट्राउट पोसू शकणाऱ्या नद्यांत मासे सोडणंच बंद केलं. गळवाले आधी चिडले होते. आज त्याच नद्यांवर मासेमारीसाठी दुरून लोक येतात. अर्थात मोंटानाच्या त्या ट्राउटला आठ धरणं ओलांडून समुद्र गाठायचा नसतो, म्हणून हे उदाहरण रेडफिश तळ्याला लावता येत नाही.

१२. धरणं आडवी येतात तर पिल्लं टँकरमधून थेट समुद्राजवळ का नेत नाहीत?

नेतात. कॅलिफोर्नियात दुष्काळी वर्षांत लाखो पिल्लं टँकरने सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकडे नेली आणि ती जगलीही जास्त. पण सॅमन घरी परततो तो वासाने. खाली जाताना वाटेतल्या प्रत्येक ओढ्याच्या पाण्याचा वास तो मनात साठवत जातो आणि परतताना उलट क्रमाने ओळखत येतो. टँकरमधून गेलेल्याला वाटच माहीत नाही. मोठा झाल्यावर तो भलत्याच नदीत शिरतो आणि तिथल्या जंगली माशांत मिसळतो. त्याने काय होतं ते पुढच्या उत्तरात.

१३. दुसऱ्या नदीचा धडधाकट मासा आणून सोडला तर? शेवटी जात तीच.

जात तीच, पण नदी ती नाही. कुठल्या आठवड्यात चढायचं, किती गार पाण्यात अंडी घालायची, किती चरबी साठवून निघायचं, हे प्रत्येक नदीच्या माशात वेगळं बसलेलं असतं. कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी अंडी गोळा करायचं केंद्र काढलं. तिथून पुढची कित्येक वर्षं अंडी जगभर पाठवली. बहुतेक ठिकाणी काहीच रुजलं नाही. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाचे चिनूक न्यूझीलंडमध्ये मात्र रुजले. दरम्यान शास्ता धरणाने मॅक्लाउडची वाट बंद केली. आज धरणाच्या पायथ्याशी हिवाळी चिनूक (हिवाळ्यात नदीत शिरणारे) वाचवणारी हॅचरी आहे आणि तिला नाव स्टोन यांचंच. २०२२ मध्ये विन्नेमेम विंटू जमातीच्या सोबतीने त्या चिनूकची सुमारे ४० हजार अंडी मॅक्लाउडमध्ये पुन्हा नेली. न्यूझीलंडचे मासे आपल्याच नदीचे वंशज आहेत असं ही जमात मानते, आणि ते परत आणायचं तिचं स्वप्न आहे.

आता घरचं उदाहरण. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ब्रिटिश अधिकारी साइक्सने १८३९ मध्ये ज्या महसीरला (नदीतला मोठा मासा) ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिलं, त्याची पैदास लोणावळ्याला वळवण तलावाजवळ टाटांच्या हॅचरीत १९७० च्या दशकापासून होते. काम मोठं आहे, ते नाकारायचं नाही. पण तिथली बोटुकली कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःचा, दुसरीकडे कुठेही नसलेला, पाठीला कुबड असलेला महसीर होता. गळवाल्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्यावर २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की खुद्री वाढत गेला आणि कुबडवाला कमी कमी होत गेला. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. ज्याला नीट नावही नव्हतं, त्याच्या घरात आपण पाहुणे सोडत होतो.

१४. हॅचरीत तज्ज्ञ असतात, तरी बातम्यांत लाखो पिल्लं मेल्याचं का येतं?

कारण पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं. तीन प्रसंग सांगते.

रेडफिशच्या सॉकायसाठी (प्रश्न ७) २०१३ मध्ये आयडाहोत नवी कोरी हॅचरी उघडली, वर्षाला दहा लाख पिल्लांची. पिल्लं गुटगुटीत झाली, डोंगरावरच्या ओढ्यात सोडली आणि भराभर मरू लागली. कारण सापडायला काही वर्षं गेली: हॅचरीचं पाणी जड, ओढ्याचं मऊ. क्षारांचा एकदम फरक त्यांना झेपत नव्हता. आता त्यांना मधल्या पाण्यात थोडे दिवस ठेवून मग सोडतात. बोअरवेलच्या पाण्यात साबणाला फेस न येणाऱ्या गावातल्या माणसाला हे पटकन कळेल.

२०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या हॅचऱ्यांत पिल्लं गिरक्या घेत पोहू लागली आणि उलटी होऊन मरू लागली. रोग नव्हता, ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होती. आया समुद्रात जवळजवळ फक्त अँकोव्ही खाऊन आल्या होत्या आणि त्या माशात हे जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. उपाय साधा: पिल्लांना ब-१ च्या पाण्यात बुडवायचं. नदीत जन्मलेल्या पिल्लांना कोण बुडवणार?

आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑरेगन-कॅलिफोर्नियातल्या क्लॅमथ नदीत सोडलेली सुमारे आठ लाख तीस हजार चिनूक पिल्लं जुन्या धरणाच्या बोगद्यातून जाताना मेली. पाण्यातल्या दाबाच्या फरकाने रक्तात हवेचे बुडबुडे होतात, पाणबुड्यांना होतो तसाच त्रास.

१५. धरण पाडलं तर हॅचरी लागणारच नाही ना?

त्याच क्लॅमथवर २०२४ मध्ये चार धरणं पाडून झाली आणि काही आठवड्यांतच चिनूक स्वतःहून वर गेले, शंभर वर्षं बंद असलेल्या वाटेने. तरी तिथे हॅचरी चालू ठेवली आहे, काही वर्षांचा आधार म्हणून. वॉशिंग्टनच्या एल्वा नदीवर २०११ ते २०१४ मध्ये दोन धरणं काढली. धरणामागे साठलेला गाळ खाली आला की वर्ष-दोन वर्षं नदीतली अंडी गुदमरणार, म्हणून तिथे क्लॅलम जमातीने हॅचरी बांधली. त्यावरून खटले झाले. आधार किती काळ द्यायचा, हा खरा वाद. पुढचा प्रश्न पाहा.

१६. हॅचरीने खरंच वंश सावरला आणि मग हॅचरी बंद केली, असं कुठे झालंय का?

सावरल्याचं ठळक उदाहरण स्नेक नदीचा शरद चिनूक. १९९० मध्ये लोअर ग्रॅनिट धरणावर नदीत जन्मलेले फक्त ७८ मोजले गेले. नेझ पर्स जमात आणि राज्याच्या हॅचऱ्यांनी पिल्लं जुन्या खडीच्या जागांजवळ नेऊन, तिथलं पाणी ओळखायला लावून सोडली. २०१३ मध्ये सगळे मिळून पन्नास हजारांहून जास्त परतले. पण हॅचऱ्या चालूच आहेत.

बंद केल्याचं उदाहरण हूड कालव्याच्या चमचं. हा कालवा म्हणजे समुद्राची चिंचोळी खाडी, हूड नदीशी संबंध नाही, नाव तेवढं सारखं. नव्वदच्या सुरुवातीला तिथला उन्हाळी चम संपत आला होता. हॅचरी सुरू करतानाच लिहून ठेवलं: तीन पिढ्या, म्हणजे साधारण बारा वर्षं, मग थांबायचं. सोबत मासेमारी आवरली, ओढ्यांच्या तोंडचे जुने बांध काढले. मुदत आली, बहुतेक ठिकाणी थांबले, आणि मासे टिकले. कुठल्याही नव्या हॅचरीची बातमी आली की मी आधी ही तारीख शोधते. बहुतेकदा ती लिहिलेलीच नसते.

१७. तुमच्या इथे ‘कोकनी’ मासा आहे म्हणे. मालवणहून आला काय?

हा विनोद दर वर्षी किमान सहा जण करतात. कोकनी म्हणजे समुद्रात न जाणारा सॉकाय, जन्मभर तळ्यातच राहणारा. इसाक्वाशेजारच्या समामिश तळ्यात त्याचा स्वतःचा वंश आहे. २००९ पासून त्याची थोडी अंडी हॅचरीत उबवून पिल्लं त्याच ओढ्यांत सोडतात. तरी २०१७ च्या हंगामात परतले फक्त १९. त्यानंतर काही पिल्लं जन्मभर हौदात सांभाळून ठेवण्याचा मार्ग धरला, प्रश्न ७ मधल्या विरजणासारखाच. इथे धरण नाही. इथे आमचीच घरं आहेत, डांबरी रस्ते, गटारातून थेट ओढ्यात जाणारं पावसाचं पाणी. ड्राइव्हवेवर गाडी धुताना हे आठवावं.

१८. आईबाबा नोव्हेंबरात येणार आहेत. तेव्हा काही दिसेल का? आणि मेलेला मासा घरी नेता येतो का?

नेता येत नाही, आणि नेलात तरी चव लागणार नाही. सगळी चरबी प्रवासात जळालेली असते. चिनूक बघायचे तर सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या शनिवार-रविवारी गावात सॅमनची जत्राच भरते, तेव्हा गाडी लावायला जागा मिळत नाही. नोव्हेंबरात कोहो असतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात तळ्याच्या छोट्या ओढ्यांत नशीब असेल तर कोकनी. पाण्याची चकाकी कापणारा (पोलराइज्ड) चष्मा आणा, नाहीतर पाण्यावर फक्त आभाळ दिसतं. आजोबांना सांगा, काठीने पाणी ढवळायचं नाही. आणि मुलांना ओढ्यात उतरू देऊ नका. खडीखाली अंडी असतात. ती जागा वरून आजूबाजूच्या खडीपेक्षा थोडी उजळ, नुकती धुतल्यासारखी दिसते, एवढीच खूण.